आधी मुक्काम, मग रस्ता

लष्कर हे माझ्या गावाचं नाव कसं, असं मला अमेरिकेत आल्यापासून कितीतरी जणांनी विचारलं. वडील फौजेत होते का, असंही विचारतात. नव्हते. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि तो पुन्हा उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, राहुट्यांच्या बाजारांच्या पेठा झाल्या आणि तळाचं नाव शहराला चिकटलं. आम्ही लहानपणी बाड्याच्या चौकातून घरी जाताना ज्या मोहल्ल्यांतून जायचो, त्यांची नावं आजही तीच आहेत : कंपू, शिंदे की छावनी, चिटनीस की गोठ. शिंद्यांच्या कवायती पलटणींना मराठीत कंपू म्हणत. ‘गोठ’मध्ये तर मला आपला ‘गोट’च ऐकू येतो. सबंध गाव म्हणजे एक लांबलेला मुक्काम. मराठी माणूस पत्त्याची सुरुवातच ‘मु. पो.’ अशी करतो. आपलं घर जिथे, तिथे आपला मुक्काम, हे आपल्या भाषेनं केव्हाच ठरवून टाकलं आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आपल्या मराठी मंडळातल्या उन्हाळी सहली. आपल्यापैकी अनेक कुटुंबं दरवर्षी आरव्ही, म्हणजे राहायच्या सोयींची मोठी गाडी, भाड्यानं घेऊन पश्चिमेकडच्या राज्यांत जातात. नेवाडा, युटा, आयडाहो, वायोमिंग, मोंटाना. ठरवायची पद्धत सगळ्यांची सारखीच. आधी बघायच्या जागांची यादी होते, मग त्या जोडणारा रस्ता आखतात, आणि शेवटी, रस्त्यावर जिथे रात्र होईल तिथे झोपायची जागा शोधतात. माझं म्हणणं आहे की ही पद्धत उलटी आहे. आधी मुक्काम ठरवावेत. रस्ता मुक्कामांनी ठरवावा. आणि ज्या जागा त्या रस्त्यात बसत नाहीत त्या, कितीही नामांकित असल्या, सोडून द्याव्यात.

मी हे स्वतः चूक करून शिकले. आमची पहिली सहल यलोस्टोनची. बे एरियातून निघायचं आणि पहिल्या रात्री ईशान्य नेवाडात एल्कोच्या आसपास राहायचं, असा बेत. सुमारे सव्वापाचशे मैल. नकाशानं साडेआठ तास दाखवले आणि आम्ही विश्वास ठेवला. पण ते तास मोटारीचे असतात. सत्तावीस फुटी गाडी डॉनर खिंडीच्या चढावर ट्रकांच्या रांगेत चालते, मोकळ्या वाळवंटात आडवा वारा आला की वेग आपोआप उतरतो, आणि गॅलनला आठ-दहा मैल चालणाऱ्या गाडीला पेट्रोल भरायला पुन्हा पुन्हा थांबावं लागतं. बरोबर लष्करहून आलेली माझी आई होती आणि दोन मुलं होती. त्यांचे थांबे वेगळेच. आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. कॅम्पग्राउंडवर दहानंतर शांतता पाळायची असते. शेजारच्या गाड्यांत दिवे मालवलेले, आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात गाडी मागे घेत होतो. मी मागे उभी राहून हात दाखवत होते. झाडाची एक खालची फांदी मला दिसली नाही, आणि गाडीच्या मागची शिडी वाकली. पाण्याची नळी अंधारात जोडता आली नाही. कुणी जेवलं नाही. आई तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातात घेऊन बाकावर बसून होती. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, “अगं, मुक्कामाला दिवेलागणीच्या आत पोचायचं असतं.”

मुक्कामाची जागा आम्ही आगाऊ घेतलेली होती. म्हणजे बुकिंग नव्हतं म्हणून फसलो, असं नाही. रस्ता आधी ठरवून त्याला शोभेल इतक्या लांब आम्ही मुक्काम ढकलला, ही चूक होती.

आईच्या त्या वाक्यानंतर मी घरी येऊन एक जुनं पुस्तक काढलं. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजस्थानात फिरत होता. त्यानं लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. मराठ्यांबद्दल त्याचा सूर बऱ्याचदा तुच्छतेचा आहे आणि तो मला सोसत नाही. पण कूच कसं होई, हे त्यानं डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे. कुचाच्या दिवशी भल्या सकाळी बिनीवाला पुढे निघे. नव्या तळाच्या जागी पोचला की एक लहानसं पांढरं निशाण रोवी. तिथे महाराजांचे डेरे, म्हणजे देवडी. मग एकेका बाजाराचं निशाण येई आणि आपापल्या जागी उभं राही. जागा नवी असली तरी मांडणी ठरलेली : कुठला बाजार कुठे, हे कधी बदलत नसे. त्यामुळे मागून येणाऱ्या हजारो माणसांना, बैलांना, बायकामुलांना आज आपण कुठे उतरायचं हे विचारावं लागत नसे. निशाण दिसलं की कळे.

बिनीचा शिलेदार हा शब्दप्रयोग आपण आज कुणाच्याही कौतुकाला वापरतो. पण बिनीवाल्याचं रोजचं काम होतं ते हे : सगळ्यांच्या आधी जाऊन पाणी, जमीन, चारा पाहणं आणि मुक्काम नक्की करणं. त्याच्यामागून फौज त्या दिवसाची वाट चाले. आधी निशाण, मग वाट.

आपल्या सहलींत हा माणूस नसतो. गाडी चालवणारा ठरलेला असतो, स्वयंपाकाच्या पाळ्या ठरतात, पैशाचा हिशेब कोण ठेवणार हेही ठरतं. मुक्काम मात्र सगळ्यांचा असतो, म्हणून कुणाचाच नसतो. दर सहलीला एक बिनीवाला किंवा बिनीवाली नेमावी आणि मुक्कामाबाबत तिचा शब्द शेवटचा मानावा, अशी माझी मागणी आहे.

तिनं काय पाहायचं? सगळ्यात आधी गाडीची लांबी. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला ‘गोइंग टू द सन’ रस्ता प्रत्येकाच्या यादीत असतो. त्याच्या मधल्या डोंगरी भागात एकवीस फुटांहून लांब गाडीला मनाई आहे, बंपर धरून. कुटुंबासाठी आपण भाड्यानं घेतो त्या गाड्या बहुतेक पंचवीस ते तीस फुटांच्या. म्हणजे तो रस्ता त्या गाडीनं पार होणारच नाही. मग पश्चिमेला ॲपगारला किंवा पूर्वेला सेंट मेरीला दोन रात्रींचा तळ ठोकून वरचा रस्ता बसनं पाहायचा. इथे मुक्कामानंच रस्ता ठरवला. योसेमिटीच्या टायोगा खिंडीचंही असंच. जवळजवळ दहा हजार फुटांवरची ही खिंड हिवाळ्यात बर्फानं बंद असते आणि काही वर्षी जून उजाडला तरी उघडलेली नसते. मे महिन्याच्या सुट्टीत ती धरून पुढचे मुक्काम घेणारा माणूस सबंध सहल बर्फावर टांगून ठेवतो.

मग घड्याळ. नेवाडातून युटाकडे जाताना वेळ एक तासानं पुढे सरकते. वेस्ट वेंडोव्हर गाव नेवाडात असूनही युटाच्या वेळेवर चालतं. चारला पोचू म्हणणारे तिथे पाचला पोचतात. आणि पाणी. अशा गाडीची टाकी चाळीस गॅलनांची धरली तर ते दीडशे लिटर झाले, म्हणजे आपल्या पंधरा लिटरच्या दहा बादल्या. सहा माणसं, दहा बादल्या, त्यात आंघोळी, भांडी आणि संडास. सार्वजनिक जमिनीवर फुकट उतरता येतं आणि सहसा चौदा दिवसांपर्यंत राहताही येतं, हे खरं. पण तिथे नळ नसतो. अशा तळाच्या आधीचा आणि नंतरचा मुक्काम पाण्याचाच हवा. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात वीज-पाण्याची जोडणी मिळते, पण अस्वलांमुळे तिथे पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. कापडी बाजूंचा पॉप-अप घेऊन गेलेल्या कुटुंबाला तिथे जागा नाही. ज्याला मुक्काम पाहायचे आहेत तो हे आधी वाचतो. ज्याला रस्ता पाहायचा आहे त्याला ते फाटकाशी कळतं.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. रजा आठवड्याची, एवढ्या लांब परत कधी येणार, जमेल तेवढं पाहून घ्यावं, हा पहिला. मला तो पटत नाही. रोज पाचशे मैल तोडणारं कुटुंब रस्त्याचं डांबर पाहतं. मुलं मागे पडद्यावर असतात, आईवडील पुढे आळीपाळीनं पेंगतात. ज्या सहलीत आम्ही दिवसाची मजल अडीचशे मैलांवर ठेवली आणि दर तिसऱ्या दिवशी गाडी हलवली नाही, त्या सहलीतलंच मुलांना आठवतं : नदीकाठचा दगड, शेजारच्या गाडीतले आजोबा, संध्याकाळी शिजत असलेल्या खिचडीचा वास.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सगळं आधीच ठरलं तर भटकण्यातला मोकळेपणा जातो. गोडसे भटजी वरसईहून १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले, ते ठरल्याप्रमाणे कुठे गेले? त्यांना बंड भेटलं, झाशी भेटली, आणि त्यातून ‘माझा प्रवास’ झालं. मान्य. पण ते पुस्तक मन लावून वाचलं तर दिसतं की त्यांनाही प्रत्येक गावात आधी आसऱ्याची सोय पाहावी लागली. ती लागली की मगच ते आजूबाजूला पाहू लागतात. रात्रीची जागा ज्याला माहीत आहे, तोच दिवसा वाट वाकडी करून एखाद्या खाणगावात तासभर रेंगाळू शकतो. ज्याला ती माहीत नाही, त्याचं लक्ष दुपारी तीनपासून फोनवर असतं.

मी वयस्कर पाहुण्यांचाही विचार करते. आपले आईवडील उन्हाळ्यात इथे येतात आणि आपण त्यांना हौसेनं बरोबर नेतो. त्यांना रस्ता कळत नाही, पाट्या वाचायची घाई झेपत नाही. त्यांचा सबंध दिवस एका प्रश्नाभोवती फिरतो : आज मुक्काम कुठे? सकाळी चहाबरोबर आपण त्यांना गावाचं नाव, पोचायची वेळ आणि तिथे संडास किती लांब, एवढं सांगू शकलो तर त्यांचा प्रवास सुखाचा होतो. आईच्या दुसऱ्या सहलीत मी रोज सकाळी हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या बाकासमोर चिकटवत असे. परत जाताना ते सगळे कागद ती घडी घालून लष्करला घेऊन गेली.

पुढच्या जुलैत मंडळातली काही कुटुंबं एकत्र जायचं म्हणत आहेत. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी, आपल्या पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी सातला उघडतं, आणि चांगल्या जागा काही मिनिटांत जातात. जुलैच्या सहा महिने आधी म्हणजे जानेवारी. तेव्हा संक्रांतीच्या कार्यक्रमाची वाट पाहू नका. दिवाळीच्या फराळालाच सगळे भेटणार आहोत, तिथेच बिनीवाल्याचं नाव ठरवा, आणि ते ठरेपर्यंत कुणीही नकाशा उघडू नका.