स्फुरदाचे परावलंबन

खरीप तोंडावर आला की डीएपीच्या गोणीसाठी लागणाऱ्या रांगा महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नव्या नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने खतांच्या निर्यातीवर तपासणीचे निर्बंध लादले आणि या रांगांचे एक टोक बीजिंगमध्ये असल्याचे उघड झाले. नत्र हवेतून मिळविता येते. स्फुरद मात्र कोणत्याही कारखान्यात निर्माण होत नाही. ते खडकातूनच काढावे लागते. अशा खडकाच्या जागतिक साठ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या मोरोक्कोत आहेत.

हा खडक घडतो कसा, हे समजून घेण्याजोगे आहे. खोल समुद्राच्या हजार लिटर पाण्यात स्फुरद ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. वाऱ्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी दूर लोटले गेले की हे थंड पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात, मरतात आणि तळाच्या चिखलात गाडले जातात. जीवाणू त्यांचे विघटन करतात. मोकळे झालेले स्फुरद कॅल्शियम आणि फ्लोरिनशी संयोग पावून अ‍ॅपेटाइटचे कण बनते. लाटा हलका गाळ धुऊन नेतात, जड कण मागे राहतात. लक्षावधी वर्षांच्या या साचण्यातून थर तयार होतो.

असे थर भारतातही आहेत. मसुरीचा थर कँब्रियन काळाच्या प्रारंभीचा, म्हणजे ज्या युनानच्या खाणींवर चीन मिजास करतो त्यांचाच समवयस्क. अर्थात मसुरीचे डोंगर पोखरावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दूनच्या खोऱ्यातील चुनखडीच्या खाणींनी केलेल्या विध्वंसामुळे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला होता.

उदयपूरजवळच्या झामरकोटऱ्याची गोष्ट निराळी. १९६८ मध्ये सापडलेला हा साठा सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. उथळ समुद्रात नील-हरित जीवाणूंनी थरावर थर रचून उभारलेल्या स्तंभांत येथे स्फुरद एकवटले आहे, तर स्तंभांमधल्या जागेत डोलोमाइट भरला आहे. नेमकी हीच रचना अडचणीची ठरते. उत्तम प्रतीचा खडक सरळ वापरता येतो. हलक्या प्रतीचा मात्र दळून, तरंगण प्रक्रियेने त्यातील डोलोमाइट वेगळा करावा लागतो. हे तंत्र आपल्याकडे आहे आणि झामरकोटऱ्यात ते वापरलेही जाते. कमतरता आहे ती हलक्या खडकाला राष्ट्रीय संपत्ती मानणाऱ्या धोरणाची. केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्फुरदाला महत्त्वाच्या ३० खनिजांच्या यादीत स्थान दिले, हे स्वागतार्हच. पण यादी म्हणजे उत्पादन नव्हे.

डीएपीच्या हव्यासापायी सिंगल सुपर फॉस्फेटकडे आपण पाठ फिरविली. स्वदेशी खडकापासून बनविता येणाऱ्या या खतात १६ टक्के स्फुरदाबरोबर गंधकही मिळते, आणि सोयाबीन व भुईमुगाला ते हवेच असते. कोकणातील आम्लधर्मी जमिनीत तर बारीक दळलेला खडकही थेट उपयोगी पडू शकतो. कृषी विद्यापीठांनी हे शेतकऱ्याच्या बांधावर सिद्ध करून दाखवावे, आणि अनुदानाचे गणित मांडताना सरकारने आयात गोणीइतकाच झामरकोटऱ्याच्या खडकाचाही विचार करावा.