नामसाम्य हा पुरावा नव्हे



आपल्या वस्त्यांत आज अशोक नावाचा मुलगा नाही अशी गल्ली विरळाच. परंतु हे नाव ज्याचे, तो अशोक नेमका कोणता, असे त्या मुलानेच विचारले तर आपणास उत्तर देता आले पाहिजे. कारण बौद्ध वाङ्मयात या नावाचे राजे दोन आहेत.

न्यायालयात दस्तऐवजावर नाव आहे एवढ्याने भागत नाही. तो इसम हाच, हे शाबीत करावे लागते. सातबाऱ्यावर नावापुढे बापाचे नाव लागते ते याचसाठी. इतिहासालाही हाच नियम लावावा.

सिंहलच्या महावंसानुसार पहिला अशोक म्हणजे शिशुनागाचा पुत्र कालाशोक. परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी, त्याच्या राज्यात, वैशालीची दुसरी संगीती भरली. भिक्षूंनी सोने-रुपे स्वीकारावे काय, हा तेथील दहा वादांपैकी एक. दुसरा अशोक बिंदुसाराचा पुत्र, चंद्रगुप्ताचा नातू. त्याचा अभिषेक परिनिर्वाणानंतर 218 वर्षांनी झाला, आणि पाटलिपुत्राची तिसरी संगीती त्याच्या काळातली. उत्तरेकडील अशोकावदान मात्र मौर्य अशोकालाच शंभर वर्षांनी आणून बसविते. हा 118 वर्षांचा फरक किरकोळ नाही. मौर्य अशोकाचा अभिषेक इ.स.पू. 268च्या सुमारास धरला, तर भगवंतांचे परिनिर्वाण एका हिशेबाने इ.स.पू. 486 आणि दुसऱ्याने 368 येते. विद्वानांचा हा वाद अजून मिटलेला नाही. कालाशोक म्हणजे पुराणांतील काकवर्ण असे काही मानतात. काहींना तो काल्पनिक वाटतो. बाप वेगळा, संगीती वेगळी, वादाचे विषयही वेगळे. तेव्हा दोन इसम मानणे मला अधिक सयुक्तिक दिसते.

दुसरी गफलत बिरुदाची. 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांनी स्तंभांवरील ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा त्यांना सापडला तो ‘देवानंपिय पियदसी’. अशोक हे नाव तेथे नव्हतेच. सिंहलचा राजा देवानंपिय तिस्स ठाऊक होता, म्हणून हे लेख त्याचेच असावेत असा त्यांचा प्रथम तर्क झाला. त्याच वर्षी सिंहलमधील अधिकारी जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसातून दाखविले, की पियदस्सी म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. तरीही प्रत्यक्ष पुरावा 1915 साली आला : आजच्या कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात मस्की येथील शिलालेखात ‘देवानंपिय’ आणि ‘अशोक’ ही दोन्ही एकत्र मिळाली. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षे खटला परिस्थितिजन्य पुराव्यावरच चालला होता! (या बिरुदाचे पुढे काय केले गेले तेही ऐका. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धांतकौमुदीत ‘देवानांप्रिय’ याचा अर्थ मूर्ख असा दिला आहे.)

दोन माणसांचा असा एक झाला, तसे एका माणसाचे दोनही झाले. चंडाशोक आणि धर्माशोक ही एकाचीच दोन नावे. नव्याण्णव भाऊ मारून एकट्या तिस्साला जिवंत ठेवल्याची कथा महावंसाची, म्हणजे कित्येक शतकांनंतरची ऐकीव साक्ष. उलट पाचव्या शिलालेखात अशोक स्वतः सांगतो, की आपले धम्ममहामात्र भावाबहिणींच्या अंतःपुरांतही काम करतात. कोणता कागद श्रेष्ठ, हे सांगावयास वकील नको. कलिंगाची हत्या मात्र त्याने स्वतःच तेराव्या लेखात कबूल केली आहे. ती आपण झाकू नये.

त्याच लेखात ग्रीक राजांची नावे आहेत. त्यांतील ‘अलिकसुंदर’ वाचून सिकंदर आठवतो. परंतु जगज्जेता सिकंदर इ.स.पू. 323 मध्येच वारला होता. हा एपिरसचा, किंवा काहींच्या मते कॉरिंथचा, दुसरा अलेक्झांडर.

हे लेख आपणापासून फार दूर नाहीत. पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात राजा सांगतो : पूर्वीचे राजे शिकारीस निघत; अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीस गेलो, आणि तेव्हापासून आपल्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी बोलणे एवढेच असते.