सायकल बदलावी काय?

बाजारात एखादी नवी वस्तू आली की तिच्याविषयी दोन प्रकारची माणसे ताबडतोब मत देऊन मोकळी होतात. एक म्हणतात, 'आता जुने सारे टाकून द्या.' दुसरे म्हणतात, 'हे आळशी लोकांचे चोचले आहेत.' हिशेब मात्र दोघांपैकी कोणीच मांडीत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलीविषयी आमच्या साताऱ्यात सध्या असाच वाद ऐकू येतो, आणि त्यात माझे एक मत आहे. ते मत मी कसे बनविले, हे तुम्हांला सांगावयाचे आहे.

मला या प्रश्नाचा निर्णय केवळ चर्चेपुरता करावयाचा नाही. सेवानिवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस मी माहुलीच्या पलीकडील एका खेड्यात मुलांना वाचन व व्याकरण शिकवावयास जातो. एका बाजूचे अंतर सात किलोमीटर. जाताना रस्ता कृष्णा-वेण्णेच्या संगमाकडे उतरत जातो, तेव्हा पायडल न मारताही सायकल सुखाने धावते. परत येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. माझे वय चौसष्ट असून उजवा गुडघा कुरकुर करू लागला आहे. डॉक्टरांनी सायकल सोडण्यास सांगितलेले नाही. चढावर जोर लावू नका, एवढेच त्यांचे म्हणणे. एस. टी. आहे, पण संध्याकाळी तिची आणि माझ्या वर्गाची वेळ जुळत नाही. कोणाच्या मोटारसायकलीवर मागे बसून जावे, तर दर वेळी त्याची सवड पाहावी लागणार. शेजाऱ्याचा मुलगा आनंदाने नेईल, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्याची परीक्षा, त्याचे आजारपण, त्याच्या घरचे कार्य या प्रत्येक वेळी त्या गावातील चौदा मुलांचा वर्ग बुडेल. म्हणून प्रश्न असा की, हे जाणे माझ्या स्वतःच्या हाती राहावे यासाठी सायकल बदलावी काय?

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. विजेची सायकल म्हणून जी विकली जाते तिचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पायडल मारल्याशिवाय मोटर चालतच नाही. तुम्ही पाय फिरविला की एक लहानसे यंत्र ती हालचाल ओळखते आणि चाकाच्या हबमध्ये बसविलेली मोटर तुमच्या बळात आपले बळ मिसळते. पाय थांबला की तीही थांबते. दुसऱ्या प्रकारात हँडलाची मूठ पिळली की सायकल आपोआप धावते. पाय नुसते टेकवून बसले तरी चालते. कित्येक सायकलींत या दोन्ही सोयी असतात. माझ्या मते पहिलीला सायकल म्हणावे. दुसरी ही सायकलीच्या वेषातील स्कूटरच होय. पुढे मी 'विजेची सायकल' म्हणेन तेव्हा पहिलीच समजावी.

ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी बनविली; तिला पायडल नव्हते, जमिनीला पायाने रेटा देऊन ती पुढे न्यावी लागे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची आणि मागील चाकास साखळी असलेली सायकल बाजारात आणली. आपली आजची सायकल तिचीच वंशज. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८९५ साली, अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने मागील चाकात विजेची मोटर बसविलेल्या सायकलीचे पेटंट घेतले. मग ती सायकल आपल्या आजोबा-पणजोबांना का दिसली नाही? अडचण मोटरीची नव्हती, वीज साठविण्याची होती. शिशाची बॅटरी इतकी जड की बॅटरी माणसाला नेते की माणूस बॅटरीला, असा प्रश्न पडावा. १९९१ साली लिथियमची हलकी बॅटरी विक्रीस आली, १९९३ साली जपानमध्ये पायडलाला साहाय्य करणारी सायकल निघाली, आणि पुढे या दोन गोष्टींची सांगड बसली. या बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यांपैकी जॉन गुडइनफ हे तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते! चौसष्टाव्या वर्षी नवी सायकल घेणे फार उशिराचे आहे असे जे म्हणतात, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता चढाचा हिशेब. तुम्ही शाळेत कार्य आणि शक्ती शिकाल, तेव्हा तो स्वतः करून पाहा. समजा, रस्ता वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढतो. मी, माझी सायकल आणि पिशवीतील पुस्तके मिळून वजन नव्वद किलो. ताशी दहा किलोमीटर वेगाने गेलो तर शंभर मीटर जाण्यास छत्तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात हे नव्वद किलो पाच मीटर उंच उचलले जातात. यासाठी सुमारे १२० वॉट शक्ती हवी. वारा व घर्षण यांचे थोडे धरले की आकडा १५० वॉटच्या जवळ जातो. माझ्यासारखा उतारवयातील माणूस दम न लागता पाऊणशे वॉट देऊ शकला तरी पुष्कळ झाले. उरलेले पाऊणशे कोठून आणावयाचे? तेवढेच मोटरीने द्यावे, ही माझी मागणी आहे. २५० वॉटच्या मोटरीला ते काहीच जड नाही.

येथे कोणी म्हणेल की मग गिअरची सायकल घ्या. हा सल्ला चांगला आहे आणि तो मी गंभीरपणे तपासला. गिअरमुळे पायडल हलके होते हे खरे. परंतु नव्वद किलो पाच मीटर उचलण्याचे काम त्याने तसूभरही कमी होत नाही. ते अधिक वेळात, अधिक वेळा पाय फिरवून करावे लागते, इतकेच. ज्याचे पाय तरुण आहेत त्याला एवढी मदत पुरेशी आहे. चढावर राहणाऱ्या मुलाने विजेच्या सायकलीचा हट्ट धरण्यापूर्वी गिअरची सायकल चालवून पाहावी, असे मी म्हणेन. माझ्या गुडघ्याला मात्र फेऱ्यांची संख्याही मोजावी लागते.

राहिला आळसाचा आरोप. आमच्या पिढीतील कित्येकांना तो फार प्रिय आहे. सुमारे १९८० साली मी पुण्यास शिकत होतो, तेव्हा तेथील रस्त्यांवरून सकाळी विद्यार्थी, कामगार आणि प्राध्यापक सारेच सायकलीवरून जात असत. ते आठवून माझे मित्र म्हणतात, 'तेव्हा कोणाला मोटर लागत होती?' लागत नव्हती. पण तेव्हा आम्ही वीस वर्षांचे होतो, हे ते विसरतात. असा आरोप पूर्वी गिअरवरही झालेला आहे. फ्रान्समध्ये १९०३ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत, चालत्या सायकलीचा गिअर बदलण्याच्या साधनाला सर्व स्पर्धकांसाठी मुभा मिळावयास १९३७ साल उजाडावे लागले. आज गिअरशिवाय त्या शर्यतीचा विचारही कोणी करीत नाही. शिवाय पायडल मारावे लागणाऱ्या सायकलीवर व्यायाम अजिबात होत नाही, हेही खरे नव्हे. युरोपातील सात शहरांतील लोकांच्या उत्तरांवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की विजेची सायकल चालविणाऱ्यांचा एकूण व्यायाम साध्या सायकलस्वारांच्या जवळपास तेवढाच भरतो, कारण ते अधिक लांब जातात. जो थकव्याच्या भीतीने घरीच बसला असता, तो चौदा किलोमीटर जाऊन आला, तर त्याला आळशी कसे म्हणावे?

खर्चाच्या बाबतीत मात्र विक्रेत्यांच्या गोड बोलण्यावर जाऊ नये. ते सांगतात की या सायकलीला वीज अगदी थोडी लागते. ते खरेच आहे. एका किलोमीटरला दहा वॉट-तास धरले तर माझ्या चौदा किलोमीटरांना १४० वॉट-तास, म्हणजे एका युनिटचा सुमारे सातवा हिस्सा लागेल. त्याचे मोल दीड-दोन रुपये. याच वाटेवर मोटारसायकल पाव लिटरहून अधिक पेट्रोल पिते आणि पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांच्या पुढे आहे. पण बॅटरी अमर नसते. समजा, ती दहा हजार रुपयांची आहे आणि पाचशे वेळा पूर्ण भरल्यावर थकली. एका भरण्यात तीस किलोमीटर गेले तर तिच्या साऱ्या आयुष्यात पंधरा हजार किलोमीटर झाले. दहा हजारांना पंधरा हजारांनी भागा: किलोमीटरला सदुसष्ट पैसे! म्हणजे माझ्या एका फेरीत वीज दोन रुपयांची आणि बॅटरीची झीज नऊ रुपयांची. विक्रेता पहिला आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा सांगत नाही. तरीही मोटारसायकलीपेक्षा ही स्वस्तच; साध्या सायकलीपेक्षा मात्र पुष्कळ महाग.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे 'धूर नाही' ही जाहिरात. आमच्या जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर १९६२ सालापासून वीज निर्माण होत आहे, तेव्हा कोणास वाटेल की आमची वीज स्वच्छच. परंतु वीज जिल्ह्याच्या सीमा पाहून वाहत नाही, आणि महाराष्ट्रातील बहुतांश वीज आजही कोळसा जाळून होते. साताऱ्यात न दिसणारा धूर चंद्रपूरला दिसतो. तो अगदी थोडा असतो, हे वर सांगितलेल्या १४० वॉट-तासांवरून तुमच्या ध्यानात येईल. पण शून्य नसतो. थकलेली बॅटरीही कचऱ्याच्या गाडीत टाकून चालत नाही. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे ती परत घेऊन तिची योग्य व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे आपले काम. आणि ती भरावयाची असेल तेव्हा तिच्याच चार्जरने, घरात कोणी जागे असताना भरावी. लिथियमची बॅटरी बिघडून पेटली तर सहजासहजी विझत नाही.

हे सारे ऐकून माझ्या शेजारचा सातवीतला मुलगा म्हणाला, 'सर, मग मलाही तीच हवी. तुम्ही घेता, मग मी का नको?' प्रश्न रास्त होता. त्याची शाळा सपाट रस्त्याने दीड किलोमीटरवर आहे. साध्या सायकलीने त्याला सात-आठ मिनिटे लागतात. विजेच्या सायकलीने फार तर दोन-तीन मिनिटे वाचतील. त्यासाठी त्याच्या वडिलांनी पंचवीस-तीस हजार रुपये का खर्चावे, हे त्याला सांगता आले नाही. साध्या सायकलीचे पंक्चर तो स्वतः काढू शकतो, चेन उतरली तर काडीने चढवतो, ब्रेक सैल झाला तर पाना घेऊन आवळतो. विजेच्या सायकलीचा नियंत्रक बिघडला तर त्याने आणि आमच्या नाक्यावरील सायकल-दुरुस्तीवाल्यानेही हात टेकावे. जी वस्तू आपण उघडून पाहू शकतो ती वापरण्यात एक निराळे शिक्षण असते, आणि ते घेण्याचे वय हेच. म्हणून त्याला मी स्पष्ट 'नको' म्हटले. तो थोडा रुसला.

पण हेच उत्तर मी सर्व मुलांना देणार नाही. डोंगरातील वाडीवरून आठ-नऊ किलोमीटर चढ-उतार करून शाळेत येणारी मुलगी घ्या. आठवीपर्यंत ती कशीबशी येते. पुढे घरचे म्हणतात, 'पुरे आता, अंधार पडायला घरी पोहोचत नाही.' सायकलीने अशा मुलीचे आयुष्य बदलते, याला पुरावा आहे. बिहारमध्ये २००६ सालापासून नववीतील मुलींना सायकलीसाठी सरकारी मदत मिळू लागली, आणि शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली. बिहारचा तो प्रदेश बहुतांशी सपाट. आमच्या जावळी-पाटणच्या डोंगरात साधी सायकल अर्धी वाट हातात धरून चालवावी लागते. तेथे विजेच्या सायकलीला चैन म्हणणाऱ्याने ती वाट एकदा दप्तर पाठीवर घेऊन चालून यावी. सरकारी मदत द्यावयाची असेल तर ती शहरातील हौशी ग्राहकापूर्वी या मुलीला मिळावी, असे माझे ठाम मत आहे.

वेगाविषयी एक गोष्ट. आपल्याकडे २५० वॉटच्या आतील मोटरीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेली सायकल मोटार-वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी व परवाना लागत नाही. काही जण दुकानातून आणल्यावर ही वेगाची मर्यादा काढून टाकवितात व त्याचा अभिमान मिरवितात. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. समोर कुत्रे आडवे आले हे कळून ब्रेकवर बोटे जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात सायकल एका मोठ्या खोलीइतकी पुढे गेलेली असते, आणि तिचा आवाज नसल्यामुळे कुत्र्यालाही ती कळलेली नसते. साध्या सायकलीवर हा वेग गाठावयास जोर लागतो, म्हणून तो क्वचितच गाठला जातो. येथे तो फुकट मिळतो. माझ्या वयात हाडे लवकर जुळत नाहीत. मी हेल्मेट घालणार आहे, मग नाक्यावरचे लोक हसोत.

तेव्हा माझ्यापुरता निर्णय असा: सायकल घ्यावी, परंतु मूठ पिळून धावणारी नव्हे, पायडल मारावी लागणारीच. पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी मी करणार आहे. बॅटरीची हमी किती वर्षांची, हे लेखी घेणार. दुरुस्ती साताऱ्यातच होते की तिला पुण्यास पाठवावे लागते, हे विचारणार. आणि मोटर बंद करून ती सायकल माहुलीच्या चढावर थोडी चालवून पाहणार, कारण बॅटरी संपली की बावीस-पंचवीस किलोचे ते धूड मलाच घरी आणावे लागेल. विक्रेत्याने चढावर न्यावयास नकार दिला तर दुसरे दुकान पाहीन. जुनी काळी सायकल मात्र मोडीत द्यावयाची नाही. भाजी आणण्यास, वाचनालयात जाण्यास व पोस्टात फेरी मारण्यास तीच ठीक आहे. ते रस्ते जवळचे आहेत आणि गुडघ्याची त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.