पोती मे महिन्यातही मोजा

हा अंक हाती पडेल तेव्हा तळा तालुक्यात भातकापणी उरकत आलेली असेल आणि वहाळांना अजून घोटाभर पाणी असेल. वनराई बंधारे घालण्याचे हेच दिवस. वाल पेरून झाल्यावर बघू म्हटलं, तर तेवढ्याच श्रमात अडवायला पाणी कमी उरतं.

तळ्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. पण काळ्या कातळावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी थांबत नाही. मांदाडच्या बाजूने ते राजपुरीच्या खाडीला मिळतं आणि एप्रिल लागला की वाड्यांवरच्या बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. पडलेलं पाणी जागीच धरायचं, हे या भूमीला जुनं ठाऊक आहे. तळगडावर टाकी ओळीने खोदलेली आहेत आणि कुड्याच्या लेण्यांतही भिक्षूंच्या निवासालगत टाकी आहेत.

वनराई बंधारा त्याच समजुतीचा, फक्त पोत्यांचा. ज्यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव रूढ झालं, ते मोहन धारिया याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे. संस्था स्थापन झाली १९८६ साली. बांधायची रीत तुम्हाला पाठ आहे: पाचोळा आणि सैल वाळू उपसून घट्ट तळ गाठायचा, पोती गच्च न भरता तोंडं सुतळीने शिवायची, थरांचे सांधे विटांसारखे चुकवायचे, पाण्याच्या अंगाला चिकणमाती चोपायची. यात कुणी चुकतं असं नाही. आम्हाला बोलायचं आहे ते बंधारा बांधून झाल्यानंतरच्या कामाबद्दल.

पहिली गोष्ट मोजमापाची. वहाळाची धार पाइपातून काढून १५ लिटरची बादली लावा. ती १५ सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला १ लिटर, म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. बंधाऱ्यापाशी १ मीटर खोल, ५ मीटर रुंद आणि ४० मीटर मागे निमुळता होत गेलेला डोह साधारण १ लाख लिटरचा भरतो. वहाळाची सव्वा दिवसाचीही कमाई नाही ती! म्हणून फोटोतल्या डोहावर समाधान मानू नका. डोह भरलेला राहिला की त्याच्या दाबाने काठच्या जमिनीत पाणी मुरत राहतं, आणि खरा लाभ तो आहे. तो दिसतो शेजारच्या विहिरीत. दोरीला दगड बांधून दर पंधरवड्याला पातळी लिहून ठेवा. तशीच नोंद बंधारा नसलेल्या वहाळाकाठच्या विहिरीचीही ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. एका मध्यम बंधाऱ्याला शंभरावर पोती सहज लागतात, आणि ती बहुतेक प्लॅस्टिकच्या धाग्यांनी विणलेली असतात. पाण्याबाहेरची वरच्या थरातली पोती उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होतात, मे अखेर बोटाने चुरगळली तरी फाटतात. जूनच्या पहिल्या लोंढ्यात हा चुरा निघतो, तो वहाळाच्या झुडपांना आणि खाडीच्या कांदळवनात मुळांना अडकून बसतो. पर्यावरणाच्या नावाने आपण केलेलं काम खाडीत कचरा सोडत असेल, तर ते अर्धवट आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सरकारी तक्त्यात बांधलेल्या बंधाऱ्यांचा रकाना असतो. सोडवलेल्या पोत्यांचाही असायला हवा.

जिथे दगड विपुल आहे, तिथे पोत्यांचा हट्ट कशाला? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा सैल दगड रचून आणि प्लॅस्टिकचा कागद लावून होतो. कागद अखंड असतो, मेमध्ये गुंडाळून उचलता येतो. त्याला झीज आहेच, खेकडे भोकं पाडतात, गुरं उतरली की तो फाटतो. तरी शंभर पोत्यांपेक्षा एक कागद सांभाळणं सोपं. दगड नसेल तिथे पोतीच घाला, पण वरचे दोन थर मातीने झाका आणि पोती घालताना मोजून वहीत आकडा टाका.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच माणसांना पुन्हा बोलवा. पोती मोकळी करा, माती बांधावर टाका, पोती मोजून परत आणा. बंधारा घालायला श्रमदानाला चाळीस माणसं येतात, सोडवायला चार आली तरी एका सकाळचं काम आहे. वहाळही मोकळा हवा, कारण पहिल्या पावसाला वलगणीचे मासे याच वाटेने वर चढतात. दगडांचा बंधारा असेल तर मधले दगड काढून त्यांना वाट करून द्या.