शब्दांच्या मुळाशीं : विंचू आणि दहा हजार

चिनी लिपींत 'वान' या उच्चाराचें एक नित्याचें अक्षर आहे. त्याचा अर्थ दहा हजार. म्हणजे आपल्या संस्कृतांतील 'अयुत'. परंतु सुमारें ३,२०० वर्षांपूर्वीं तेथें कांसवाच्या कवचांवर व हाडांवर जे लेख कोरले गेले, त्यांत हें अक्षर पाहावें तर वर दोन चिमटे व खालीं शेपटी असें विंचवाचें चित्र दिसतें! एवढ्या मोठ्या संख्येचें चित्र काढावें कसें? म्हणून उच्चार जुळणाऱ्या विंचवाचें चित्र तिच्यासाठीं उसनें घेतलें, असें विद्वान् मानतात. पुढें विंचू लोपला, संख्या तेवढी उरली.

आपला 'विंचू' मात्र आपला अर्थ धरून आहे. 'व्रश्च्' म्हणजे तोडणें. त्यापासून 'वृश्चिक', व प्राकृतांतून झिजत 'विंचू', अशी परंपरा सांगतात.

आमच्या वीर-महाड भागांत हा शब्द केवळ कोशांतला नव्हे. तांबड्या विंचवाच्या विषानें रक्तदाब भडकतो, हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें. पूर्वीं कित्येक मुलें अशीं दगावलीं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं बिरवाडी व महाड येथें रोग्यांजवळ राहून या विषाचा अभ्यास केला आणि रक्तदाबावरील 'प्राझोसिन' हें औषध त्यावर गुणकारी असल्याचें दाखविलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

वाचकांनीं एवढें ध्यानीं ठेवावें : विंचू चावून मुलास घाम सुटला, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे न जातां तडक दवाखाना गांठावा.