साडीगार्ड काढण्याआधी

रोहिणी लागल्या की साताऱ्यात काय आणि सांगली-मिरजेत काय, गॅरेजांपुढे मोटारसायकलींची रांग लागते. पहिला पाऊस झाला की पोरांना ठोसेघर, सज्जनगड, कासचे वेध लागतात. त्याआधी गाडी 'तयार' करून घ्यायची असते. परवा जुम्याची नमाज झाल्यावर आम्हीही भाच्याबरोबर मिस्त्रींकडे गेलो. पठ्ठ्याने मोबाइलवर यादीच करून आणली होती. मागचा रुंद टायर, आवाजाचा सायलेन्सर, दोन फॉगलाइट. आणि शेवटी, साडीगार्ड काढणे.

"ते कशाला काढतोस रे?" आम्ही विचारले.

"मामू, त्याच्यानं गाडी म्हाताऱ्याची वाटते."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "आणि अम्मीला मागं बसवून दवाखान्यात कोण नेतं? मी?"

भाचा गप्प झाला. त्याच्या अम्मीला, म्हणजे आमच्या बहिणीला, एकदा हा अनुभव आलेला आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर बसली होती, साडीगार्ड नव्हते. गाडी सुटली आणि दहा पावलांत बुरख्याचा घोळ चाकात गेला. वेग नव्हता म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावले. बुरखा मात्र चाकातून कापून काढावा लागला.

कापडाचे टोक आऱ्यांत अडकले की चाक ते गुंडाळत जाते आणि अंगावरचे कापड तितक्याच जोराने मागे ओढले जाते. ओढणी गळ्याभोवती असेल तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123 व्या नियमाप्रमाणे मागे माणूस बसणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारी जाळी असावी लागते. नाव साडीगार्ड असले तरी बुरखा, ओढणी, दुपट्टा, पोराचा लोंबणारा रेनकोट, सगळ्यांसाठी ते आहे. कंपनीने दिलेली ही वस्तू आपण पैसे देऊन काढून घेतो, हे आम्हाला कधी उमगलेले नाही.

भगिनींनो, बसताना बुरख्याचा घोळ गोळा करून मांडीखाली दाबून घ्या. ओढणीची टोके पुढे घेऊन खोचा. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी तर हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असा नियम 2022 मध्ये निघाला आहे. ईदच्या दिवशी टाकीवर एक, मधे एक आणि मागे एक अशी पोरे बसवून निघालेल्या गाड्या आपण सगळेच पाहतो. कधीकाळी आम्हीही तशीच नेलेली आहेत.

मिस्त्रींनी मग स्वतःची यादी सांगितली. भाच्याचा पुढचा टायर गुळगुळीत झाला होता, आणि हा मागचा बदलायला निघालेला! टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. नवा घेताना त्यावरचे चार आकडेही वाचा. 2324 म्हणजे 2024 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. दुकानदाराने चार वर्षे माळ्यावर ठेवलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात मारू नये, एवढ्यासाठी. रुंद टायरचा हट्ट मिस्त्रींनी मोडून काढला. तो चेनला किंवा मडगार्डला घासतो, वळणावर गाडी जड लागते. कंपनीने सांगितलेलाच माप बरा.

ब्रेकचे लायनर, चेनचा ताण, डिस्क असेल तर ब्रेक ऑइल, हे पावसाआधी पाहून घ्यायचेच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. दोन वर्षांत बदलले नसेल तर यवतेश्वरचा घाट उतरताना ते आठवेल. कासच्या रस्त्यावर पावसात धुके असे उतरते की पुढची गाडी दिसत नाही, तेव्हा फॉगलाइटपेक्षा मागचा लाल दिवा चालू असणे जास्त कामाचे. तो आधी बघा. पाण्यातून गाडी काढल्यावर हळू जात दोन-तीनदा ब्रेक हलके दाबा, म्हणजे ते सुकतात.

सायलेन्सर मात्र रद्द झाला. मिस्त्रींनी नव्हे, बिलाने रद्द केला. पुढचा टायर, लायनर आणि चेनस्प्रॉकेट यांतच पैसे संपले. साडीगार्ड जागेवर राहिले, वर त्याचा ढिला झालेला एक नटही आवळून मिळाला.

सांगलीकर वाचकांसाठी एक जादा गोष्ट. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी किक मारून पाहिली, आणि इंजिनात शिरलेल्या पाण्याने उरलेले कामही तमाम केले. गाडी बुडालीच तर स्टार्टरला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा, गाडी ढकलत गॅरेजला न्या. प्लग काढून, ऑइल उपसून, एअर फिल्टर पाहून मिस्त्री हो म्हणेपर्यंत किल्ली खिशातच राहू द्या.