छापील वेग आणि मोजलेला वेग

१/ शिकारी रायफलींचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. माझे मत निराळे आहे. मॅग्नम काडतुसांच्या इतिहासातले एक मोलाचे प्रकरण स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्यांच्या मेजावर लिहिले गेले.

२/ साल १९५६. आफ्रिकेत हत्ती आणि रानरेड्यांच्या शिकारीत ब्रिटिश दुनळी रायफलींचा दबदबा होता. पण त्या फार महाग. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने तीच ताकद साध्या बोल्ट रायफलीत देऊ केली. काडतुसाचे नाव .४५८ विंचेस्टर मॅग्नम. जाहीर केलेला वेग : ५०० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला २,१३० फूट.

३/ मेख होती पुंगळीत. नेहमीच्या लांबीच्या रायफलीत काडतूस मावावे म्हणून ती अवघी २.५ इंच ठेवलेली. जड गोळी आत खोल बसे आणि दारूला जागा अपुरी पडे. मग दारू दाबून भरावी लागे. ती कालांतराने ढेकळासारखी घट्ट होई, असमान जळे आणि वेग छापील आकड्याच्या बराच खाली येई.

४/ १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला रानरेड्याने जखमी केले. हाती .४५८ हीच रायफल होती. लॉटने उत्तर शोधले ते १९१२ सालच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमच्या लांब पुंगळीत. तिचे तोंड रुंदावून, लांबी २.८ इंच ठेवून, १९७१ च्या सुमारास .४५८ लॉट सिद्ध झाले.

५/ ‘जास्त दारू, जास्त जोर’ असा याचा अर्थ लावणे उथळपणाचे आहे. ०.३ इंचाने मिळाली ती मोकळीक. दारू न चेपता हवा तो वेग गाठता येऊ लागला.

६/ हाताने भरणी करण्याचे शास्त्र संयमाचे आहे. मात्रा कमीपासून सुरू करायची, किंचित वाढवायची. प्राइमर चपटा झाला का, बोल्ट उघडताना अडतो का, हे दर टप्प्याला पाहून टिपून ठेवायचे. दाबाची खूण दिसताच मागे फिरायचे. दीर्घकाळ .४५८ लॉट जगले ते अशाच वह्यांच्या बळावर. हॉर्नडीसारख्या मोठ्या उत्पादकाने ते स्वीकारले २००२ मध्ये.

७/ विंचेस्टरच्या काडतुसानेही असंख्य शिकारी यशस्वी केल्या, हा आक्षेप रास्त आहे. तरीही डब्यावरचा आकडा हा दावा असतो. पुरावा ठरतो तो मोजलेला आकडा. इतिहासाच्या अभ्यासकाने कारखान्याच्या जाहिरातीइतकीच भरणाऱ्याची वहीही वाचावी.